तिसरा गडी

१९३६ सालची पौष वद्य तृतीया. शनिवार आहे, संक्रांत तीन दिवसांवर आली आहे, आणि तुम्ही मुंबईला अपोलो बंदरच्या दगडी पायऱ्यांवर उभे आहात. अमरावती जिल्ह्यातल्या तिवशाचा कापूस अजून तुमच्या टोपीला चिकटलेला आहे. अडत्याच्या मुनिमाबरोबर गाठींच्या हिशेबासाठी तुम्ही आलात, बडनेऱ्याला मेल पकडली, सकाळी बोरीबंदरला उतरलात. मुनीम शिवडीला कॉटन ग्रीनकडे निघून गेला आणि सोमवारपर्यंत तुम्ही मोकळे झालात. स्टेशनातलं घड्याळ आणि गावातलं घड्याळ यांत ३९ मिनिटांचा फरक पाहून तुम्ही बुचकळ्यात पडला आहात. रेल्वे स्टँडर्ड टाइम पाळते आणि मुंबई आपला ‘बॉम्बे टाइम’ सोडत नाही. १९५५ पर्यंत सोडणारही नाही.

समोर पाणी आहे. पाणी तुम्हाला नवीन नाही. कौंडण्यपूरच्या घाटावरून डोंग्यात बसून तुम्ही वर्धा ओलांडली आहे, आषाढात तिचं लाल पाणी शेतात शिरताना पाहिलं आहे. पण वर्धेला पैलतीर असतो. इथे पूर्वेला घारापुरीचा डोंगर दिसतो, त्याच्या उजवीकडे लांबवर उरण-करंजाच्या टेकड्या दिसतात, आणि दक्षिणेला नजर टेकायला काहीच नाही. तुमच्या पाठीशी गेटवे आहे. तिचं उद्घाटन होऊन जेमतेम ११ वर्षं झाली आहेत, दगड अजून नवा दिसतो. पलीकडे ताज.

डाव्या हाताला हिरवळ आणि तिच्यामागे रॉयल बॉम्बे यॉट क्लबची इमारत आहे. क्लब १८४६ सालचा. ‘रॉयल’ हे बिरुद त्याला १८७६ मध्ये मिळालं. गोऱ्यांच्या शनिवार-रविवारच्या शिडांच्या शर्यती इथून सुटतात. हिंदी माणसाला या क्लबाचं सभासद होता येत नाही, मग तो कितीही शिकलेला असो, कितीही पैसेवाला असो. मात्र बोटी धुणं, शिडं शिवणं, दोर बदलणं, पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून तिचं लाकूड जपणं, हे काम कोकणातली माणसं करतात. शर्यतीत गडी कमी पडला तर दोर ओढायलाही तीच बोटीवर चढतात.

त्यातलाच एक तांडेल पायऱ्यांशी छोटी होडी लावून उभा आहे. रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, पायाच्या बोटांनी दोर धरून ठेवणारा. तो तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो.

‘‘पोरा, वजनदार दिसतोस. पोहता येतं?’’

‘‘येते ना जी. वर्धेच्या डोहात शिकलो.’’

‘‘मग झालं. दर्यात माणूस नदीपेक्षा हलका तरंगतो. आज वारा जड आहे, साहेबाला तिसरा गडी हवा. कोट काढून ठेव. वहाणा पण.’’

तुम्ही वहाणा काढता आणि होडीत पाय टाकता.

बोट बंधाऱ्यापासून थोडी लांब, आपल्या बोयाला बांधलेली आहे. लांबी वीसेक फूट. सागवानी. अर्ध्या भागावर लाकडी पाट आणि मधे बसायला खोल जागा. पाण्याखाली जे आहे ते तुम्हाला दिसत नाही, पण तेच महत्त्वाचं: तळाशी जड शिशाची पठाण आहे. वारा शीड ढकलतो तेव्हा बोट आडवी सरकायला बघते, ती पठाण तिला आडवी सरकू देत नाही. आणि बोट कलली की तेच वजन तिला परत उभं करतं. वऱ्हाडच्या डोंग्याला असं काही नसतं, म्हणून डोंग्यावर मोठं शीड लावलं तर तो पहिल्या झोताला उलटेल.

तांडेल पिशवीतून शीड काढतो, आणि तुमचा हात आपोआप पुढे जातो. कापूस! तुम्ही अंगठा आणि तर्जनीत कापड धरून चोळता. तुमच्या वावरातल्या पऱ्हाटीचा हा धागा नाही हे तुम्हाला क्षणात कळतं. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा. मचव्यांच्या आणि पडावांच्या जाड शिडांना तो चालतो. शर्यतीच्या शिडाला लांब धाग्याचा मिसरी कापूस लागतो, घट्ट विणीचा, नाहीतर वारा कापडातून गळून जातो. नायलॉन अजून बाजारात आलेलं नाही आणि टेरिलीन जन्मायचं आहे. १९५० नंतरच्या दशकात ते येईल आणि सुती शिडांचा जमाना संपेल. तोवर जगातली जवळजवळ प्रत्येक शिडाची यॉट कापसावर चालते.

‘‘सांभाळून,’’ तांडेल म्हणतो. ‘‘नवं शीड आहे. जोरात ताणलंस तर पोट कायमचं बिघडेल.’’

कापसाच्या शिडाचे लाड खूप असतात. नवं असताना ते हलक्या वाऱ्यात हळूहळू सैल करत न्यायचं, म्हणजे त्याला नेमका बाक येतो. ओलं झालं की आकसतं, म्हणून पाऊस आला तर दोर ढिले करायचे. खारट ओल राहिली तर बुरशी धरते. शिडाचा हा बाक गेला तर बोट गेली, कारण वाऱ्यावर चढताना शीड वाऱ्याने नुसतं ढकललं जात नाही. त्याच्या बाकदार पाठीवरून वारा वेगाने घसरतो, पाठीकडचा दाब उतरतो आणि बोट पुढे ओढली जाते. पक्षी पंखावर तरंगतो तोच हा हिशेब. तांडेलाने हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, तरी कापडावरची एक सुरकुती बघून तो सांगतो की वरचा दोर दोन बोटं ओढायला हवा.

साहेब येतो. गोरा, मध्यमवयीन, एखाद्या कंपनीतला. तुमच्याकडे बघून मान हलवतो आणि सुकाणूशी बसतो. तुम्हाला जागा मिळते मधल्या खोबणीत. तुमच्या हातात येतो जिबचा दोर, म्हणजे पुढच्या लहान शिडाचा. दोन दोर आहेत, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. आजच्या दिवसात तुमचं काम एवढंच: सांगितलं की एक सोडायचा, दुसरा ओढायचा, आणि उरलेला सगळा वेळ बोट ज्या बाजूला कलते तिच्या विरुद्ध काठावर अंग टाकून बसायचं.

सोपं वाटतं ना? थांबा.

आजची शर्यत ओहोटीत आहे. कोकणात भरतीचा हिशेब तिथीवरून करतात: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. तृतीया म्हणजे सव्वादोन. मुंबई बंदरात पुनवे-अवसेच्या आसपासच्या उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं आणि उतरतं. एवढं पाणी सहा तासांत बंदराच्या तोंडातून बाहेर जायचं म्हणजे ते ओढ धरून जाणार. तीन वाजता शर्यत सुटेल तेव्हा ओहोटी नुकती लागलेली असेल. साडेचार-पाचला ती ऐन भरात येईल. ओहोटीचं पाणी दक्षिणेला धावतं. वारा उत्तरेचा, थोडा वायव्येला झुकलेला. पहिला बोया उत्तरेला, गोदीच्या पलीकडे. म्हणजे वारा समोरून आणि पाणीही समोरून.

दहा मिनिटांची तोफ होते. छोटीच तोफ, पण पाण्यावरून आवाज छातीत शिरतो. आठ-नऊ बोटी एकमेकींच्या अंगावरून गेल्यासारख्या घिरट्या घालू लागतात. ही गर्दी तुम्हाला वेडेपणा वाटते. शर्यत सुटायच्या आधीच टक्कर होईल की काय? पण साहेबाच्या एका हातात घड्याळ आहे आणि तांडेल पुटपुटत सेकंद मोजतो आहे. आरंभाची रेषा पाण्यावर आखलेली नसते. किनाऱ्यावरचा झेंड्याचा खांब आणि समोरचा एक बोया, या दोघांमधली ती कल्पनेतली ओळ. तोफेच्या आधी ओलांडली तर मागे फिरून पुन्हा यावं लागतं. तोफेनंतर उशिरा पोचलात तर पुढच्यांच्या शिडांनी मळलेला वारा खावा लागतो. नेमक्या क्षणी, नेमक्या जागी, पूर्ण वेगात असायचं. बोटीला ब्रेक नाही, हे लक्षात घ्या.

पाच मिनिटांची तोफ. मग ती शांतता, जिच्यात फक्त कापडाची फडफड आणि पाण्याची चुळचुळ ऐकू येते.

‘‘ओढ!’’

तुम्ही ओढता. तोफ होते. बोट एकदम कलते, तुमचा पाय घसरतो, तांडेलाचा हात तुमच्या बंडीची मान धरून तुम्हाला वरच्या काठावर फेकतो. ‘‘बाहेर! अजून बाहेर! ढुंगण पाण्यावर लटकलं पाहिजे!’’ तुम्ही पाय आतल्या पट्ट्यात अडकवता आणि पाठ समुद्रावर टाकता. पहिली लाट मानेवर येते. खारट, आणि जानेवारी असूनही कोमट.

बोट आता वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन धरून चालली आहे. याहून सरळ वाऱ्याच्या तोंडात ती जाऊ शकत नाही. शीड नुसतं फडफडेल. म्हणून उत्तरेला जायचं तर नागमोडी जायचं: काही वेळ वायव्येला किनाऱ्याकडे, मग वळून ईशान्येला बंदराच्या पोटात, पुन्हा किनाऱ्याकडे. प्रत्येक वळणाला टॅक म्हणतात, आणि प्रत्येक टॅक म्हणजे तुमच्या हातांची परीक्षा.

साहेब ओरडतो, ‘‘रेडी अबाउट!’’ तांडेल तुमच्याकडे बघतो. ‘‘ली-ओऽ!’’

सुकाणू लोटलं जातं. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्यात शिरते. तुम्ही ताणलेला दोर सोडता. लवकर सोडलात तर वेग मरतो, उशिरा सोडलात तर शीड उलटं भरतं आणि बोटीला मागे ढकलतं. डोकं खाली! मोठ्या शिडाचं आडवं लाकूड डोक्यावरून जातं. तुम्ही गुडघ्यांवर रांगत पलीकडे, दुसरा दोर हातात, ओढ, ओढ, शेवटचा हात जड जातो कारण आता वाऱ्याने शीड भरलं आहे, मग काठावर चढा आणि पुन्हा अंग बाहेर टाका. सगळं मिळून सहा-सात सेकंद. वावरात डवरा धुऱ्यापर्यंत नेऊन बैल वळवताना जसं एका क्षणात कासरा, रुमणं आणि बैलाची चाल तिन्ही सांभाळावी लागतात आणि एक चुकलं तर तास वाकडं जातं, तसंच हे; फरक एवढाच की इथे जमीनही हलते आहे.

पहिला टॅक तुमचा फसतो. दोर पायात गुंततो. साहेब इंग्रजीत काहीतरी बोलतो, तांडेल एक शब्द न बोलता दोर सोडवून देतो. दुसरा बरा. चौथ्याला तुमचे हात तांडेलाच्या आधी हलतात, आणि तो तुमच्याकडे बघतही नाही. शाबासकीचा हाच प्रकार इथे आहे.

आता खरी गोम. किनाऱ्याजवळ पाणी उथळ आहे, तिथे ओहोटीची ओढ कमी. मधे खोल खाडीत ती सर्वात जास्त. म्हणजे किनाऱ्याला चिकटून गेलं तर पाणी कमी मागे ढकलतं. मग सगळे तिकडेच का जात नाहीत? कारण वारा शहरावरून येतो. इमारतींच्या, गोदीच्या शेडच्या, नांगरलेल्या जहाजांच्या आडोशाला तो तुटतो, गोल फिरतो, मरतो. किनाऱ्याला कमी ओहोटी पण कमी वारा. बाहेर चांगला वारा पण जोराची ओहोटी. नऊ सुकाणूंवरची नऊ माणसं दर मिनिटाला हाच सौदा करत आहेत.

साहेब बाहेर जायचं म्हणतो. तांडेल नांगरलेल्या एका गलबताकडे बोट दाखवतो. गलबताच्या नाळेशी पाणी दुभंगून पांढरं झालं आहे आणि त्याचा नांगराचा दोर काठीसारखा ताणला आहे. ओहोटी किती लागली आहे याची ती खूण. ‘‘साब, आत,’’ तांडेल एवढंच म्हणतो. साहेब क्षणभर विचार करतो आणि सुकाणू आत वळवतो. हिंदुस्थानचं राज्य ज्यांच्या हातात आहे त्यांच्यातला एक जण रत्नागिरीच्या एका खलाशाचं ऐकतो, कारण पाणी कोणाचं राज्य आहे ते विचारत नाही.

आत गेल्यावर तुम्हाला समजतं की वाऱ्याचं तुकड्यातुकड्यांतलं येणं पाण्यावर दिसतं. झोत येतो तिथे पाणी काळपट होऊन शहारतं. तांडेल तुम्हाला काम देतो: ‘‘काळं पाणी दिसलं की सांग.’’ ज्याने कोरडवाहू शेती केली आहे, सगळा ज्येष्ठ आभाळाकडे डोळे लावून काढला आहे, त्याला हे शिकवावं लागत नाही. तुम्ही ओरडता, ‘‘येते! येते!’’ झोत येण्याआधी तिघांचं अंग बाहेर पडतं, बोट कलण्याऐवजी पुढे उडी घेते. हे तीनदा जमतं, चारदा जमतं. बाहेर गेलेल्या तीन बोटी बाजूला दिसू लागतात, मग मागे.

एकदा प्रसंग येतो. तुम्ही किनाऱ्यावरून बाहेर निघाला आहात, वारा डावीकडून. समोरून एक बोट किनाऱ्याकडे येते आहे, तिला वारा उजवीकडून. नियम असा की उजवीकडून वारा घेणाऱ्याचा हक्क. त्या बोटीवरून आरोळी येते, ‘‘स्टारबोर्ड!’’ दोन टनांची बोट तुमच्या बरगड्यांच्या रोखाने येते आहे. साहेब शेवटच्या क्षणी सुकाणू खेचतो, तुम्ही दोर ढिला सोडता, आणि तुमची नाळ तिच्या मागच्या टोकापासून हातभर अंतरावरून जाते. त्या बोटीवरचा खलाशी तुमच्या तांडेलाकडे बघून हसतो. दोघे एकाच गावचे असतील कदाचित.

बोया येतो. वळसा पडतो. आणि जग बदलतं.

आता वारा पाठीशी, पाणीही पाठीशी. गेला तासभर कानात घुमणारा आवाज बंद होतो. बोट सरळ होते. ऊन एकदम लागतं, कारण तुम्ही वाऱ्याबरोबरच चालला आहात आणि अंगाला वारा लागतच नाही. तांडेल जिबच्या कोपऱ्याला बांबू लावून ते दुसऱ्या बाजूला ताणून धरतो. मोठं शीड एका अंगाला, लहान दुसऱ्या अंगाला. हाच निवांत वाटणारा टप्पा सर्वात धोक्याचा. वारा नेमका मागून असताना सुकाणू जरा चुकलं, तर मोठं शीड आडव्या लाकडासकट एका बाजूकडून दुसरीकडे फटकन येतं आणि मधे डोकं असेल तर ते फोडतं. साहेब ‘जाइब-ओ’ म्हणतो तेव्हा तांडेल आधी तुमचं डोकं दाबतो, मग दोर आवरतो.

दक्षिणेच्या बोयाशी तुमची बोट तिसरी पोचते. तिथून परतीचा टप्पा पुन्हा वाऱ्यावर आणि पुन्हा ओहोटीवर. ओहोटी आता पूर्ण जोरात आहे. बोट पाणी कापत सुसाट जाते आहे असं वाटतं, पण किनाऱ्यावरच्या एका खांबाकडे बघितलं तर कळतं की तुम्ही जवळजवळ जागच्या जागी आहात. तळहातांची कातडी निघाली आहे. कापूस वेचून बोंडाच्या काट्यांनी बोटं फाटतात ते तुम्हाला ठाऊक आहे, हे दुखणं निराळं, खारं. आणि तरीही तुम्हाला थांबायचं नाही. कधी नव्हे इतकं तुमचं सगळं अंग, डोळे, कान एका कामाला लागलं आहे आणि शेजारच्या दोन माणसांना ते न बोलता कळतं आहे. या खेळाची खरी चटक हीच. कप त्यापुढे किरकोळ.

शेवटच्या दोनशे हातांवर पुढची बोट खोल पाण्याच्या ओढीत अडकते. तांडेल पुन्हा आत बोट दाखवतो, आता इतकं आत की वल्ह्याने तळ लागेल. पठाण गाळाला घासल्याचा धक्का बसतो. तुम्ही तिघेही खालच्या अंगाला झुकता, बोट कलते, पठाण तिरकी होऊन सुटते. तुम्ही दुसरे येता.

मग काय होतं तेही बघून घ्या. साहेब होडीतून उतरतो, ‘‘वेल डन’’ म्हणतो, आणि हिरवळीवर निघून जातो. तिथे खुर्च्या आहेत, दिवे लागले आहेत. तुम्ही आणि तांडेल बोटीवरच. शीड उतरवायचं, गोड्या पाण्याने खार काढायचा, वाऱ्यावर टांगायचं, दोर गुंडाळायचे, आत साचलेलं पाणी उपसायचं. क्लबाच्या वहीत बोटीचं नाव आणि मालकाचं नाव लिहिलं जाईल. ज्याने दोनदा ‘आत’ म्हटलं त्याचं नाव त्या वहीत नाही, आणि अशा शेकडो शनिवारांच्या वह्यांत अशी माणसं नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि इतकी वर्षं जुनं झालं म्हणून ते कमी अन्यायाचं होत नाही. मुंबईच्या शिडांच्या शर्यतींचा इतिहास म्हणून जे सांगितलं जातं तो मालकांचा इतिहास आहे. हातांचा अजून लिहायचा आहे.

आता ४६ वर्षं पुढे चला. पाणी तेच.

१९८२ साल, नोव्हेंबर संपत आला आहे. दिल्लीत एशियाड चालू आहे, पण शिडांच्या शर्यती मुंबईत आहेत, कारण दिल्लीला समुद्र नाही. गेटवेजवळच्या त्या जुन्या क्लबघरात आता अणुऊर्जा खात्याची कार्यालयं आहेत, क्लब शेजारच्या इमारतीत गेला आहे, आणि तिथे हिंदी माणूस सभासद आहे. कापसाची शिडं गेली. या वेळी तुम्ही फायरबॉल जातीच्या बोटीवर आहात: पीटर मिल्न या इंग्रज आरेखकाने १९६२ मध्ये काढलेली, सव्वासोळा फुटांच्या आतली, चपट्या नाकाची, दोघांची बोट. हिला शिशाची पठाण नाही. तळातून खाली सोडायची एक फळी असते, ती बोटीला आडवी सरकण्यापासून रोखते. उभं ठेवणारं वजन मात्र नाही. ते वजन म्हणजे तुम्ही.

तुमच्या कमरेला पट्टा आहे, पट्ट्याला हूक. डोलकाठीच्या वरून आलेली तार त्या हुकात अडकवायची, दोन्ही पाय बोटीच्या काठावर रोवायचे आणि सगळं शरीर सरळ आडवं समुद्रावर टाकायचं. याला ट्रॅपीझ म्हणतात. झोत आला की बाहेर, झोत गेला की गुडघे वाकवून आत. अर्धा सेकंद चुकलात तर बोट तुमच्या अंगावर उलटते. १९३६ साली तुम्ही तिसरे गडी होतात, आता दोघांतले एक आहात, आणि सुकाणूवरचा माणूस तुमच्याशिवाय दहा हात जाऊ शकत नाही.

त्या एशियाडमध्ये फायरबॉलचं सुवर्णपदक भारताने जिंकलं. सुकाणूवर फारोख तारापोर, ट्रॅपीझवर झरीर करंजिया. पदकं दोन होती, नावं दोन होती. एशियाडच्या नोंदीत ती कायम शेजारी-शेजारी आहेत. मधल्या काळात एवढा पल्ला ओलांडला गेला, आणि माझ्या लेखी त्या सुवर्णाइतकंच हे मोलाचं आहे.

परत या. २०२० नंतरचं तिवसा, हायवेवरून नागपूरकडे जाणारे ट्रक. इथलं एखादं पोर शिडाच्या बोटीवर जाईल असं म्हटलं तर लोक विचारतील, समुद्र कुठे आहे आपल्याकडे? हा प्रश्न मला पटत नाही. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या गोव्यात बांधलेल्या ५५ फुटी शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. कर्णधार वर्तिका जोशी उत्तराखंडच्या. सोबतच्या प्रतिभा जामवाल हिमाचलातल्या कुल्लूच्या आणि विजया देवी मणिपूरच्या. कुल्लूहून समुद्र तिवशापेक्षा जवळ आहे का? आणि अगदी आपल्या शेजारचं उदाहरण: मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर हिने भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडं हाकायला शिकून २०२३ च्या आशियाई खेळांत मुलींच्या डिंगी प्रकारात रौप्यपदक मिळवलं. तेव्हा ती १७ वर्षांची होती. देवास आणि अमरावती यांच्यात फरक आहे तो एवढाच की भोपाळला तलावावर शाळा आहे आणि आपल्या धरणावर नाही.

म्हणून दोन गोष्टी सांगतो, एक तुम्हाला आणि एक ज्यांच्या हातात सह्या आहेत त्यांना. तुमच्या घरातल्या पोरीला किंवा पोराला पोहता येत असेल तर सुट्टीत भोपाळला नेऊन तलावावरचा सराव दाखवा. मुंबईला नोकरीला-शिक्षणाला गेलेल्या पोरांना सांगा की ऑक्टोबर ते मे या हंगामात गेटवेसमोर शनिवारी-रविवारी शर्यती असतात आणि बोटींना हात लागतात. आणि जिल्हा परिषदेला व क्रीडा खात्याला विनंती: सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाचं एवढं मोठं पाणी आहे. त्यावर वारा आहे. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जगभर ऑप्टिमिस्ट नावाची आठ फुटांच्या आतली छोटी बोट वापरतात. एका पोराची, एका शिडाची. अशा सहा बोटी, सहा पोरांना पुरतील एवढी लाइफ जॅकेटं, पाण्यावर एक मोटरबोट आणि एक जाणता शिक्षक, एवढ्यावर सुरुवात होते. तिवसा, मोर्शी, चांदूरच्या शाळांनी मागणी करावी, आणि ती येत्या हंगामाआधी करावी.